सोमवारचा दम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

1 जानेवारी 1877 या दिवशी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी आपल्या नागपुरात, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर, जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. नागपूरच्या जुन्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही.

त्याच 1877 साली तिकडे पॅरिसमध्ये आद्रियाँ प्रूस्त नावाच्या डॉक्टरांनी आरोग्यशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात एक नवा शब्द वापरला : बिसिनोसिस. ग्रीक भाषेत तलम तागाच्या कापडाला 'बिसोस' म्हणत. कापूस, जवसाचा धागा, अंबाडी यांची धूळ छातीत जाऊन जो विकार होतो, त्याला त्यांनी हे नाव दिले. या डॉक्टरांचा थोरला मुलगा मार्सेल पुढे फ्रेंच भाषेतला फार मोठा कादंबरीकार झाला. तो लहानपणापासून दमेकरी होता. पुढे आवाज आणि धूळ आत येऊ नये म्हणून त्याने खोलीच्या भिंतींना बुचाचे पत्रे लावून घेतले होते. बापाने जगाच्या श्वासाचा अभ्यास करावा आणि घरात मुलाला श्वास पुरू नये, हा योगायोग माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला अस्वस्थ करतो. पण आज बोलायचे आहे ते पॅरिसच्या नव्हे, नागपूरच्या श्वासाविषयी. गिरणी आणि तिच्या कामगाराला होणाऱ्या आजाराचे नाव, दोन्ही एकाच वर्षी जन्माला आली. पण ते नाव इथल्या कामगाराच्या कानावर पडायला शंभर वर्षे कमी पडली.

मी साधा बी. ए. झालेला माणूस. शरीरशास्त्र माझा विषय नाही. तरी श्वासाकडे मी आलो तो कापसाच्या वाटेने. आम्ही मूळचे पिंजारी. माझे आजोबा खांद्यावर पिंजण टाकून वऱ्हाडातल्या गावोगाव फिरत, लोकांच्या गाद्या-रजया उसवून कापूस पिंजून देत. पिंजणीची तात वाजू लागली की खोलीभर पांढरे धुके होई. आजोबा तोंडाला दुपट्टा बांधत. भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या. पिंजाऱ्याचा पोरगा म्हणून माझ्या वडिलांना शहरातल्या एका गिरणीत जे काम मिळाले तेही पिंजणाचेच, फक्त त्याचे नाव कार्डिंग.

गिरणीत कापसाचा प्रवास कसा होतो, हे आता नव्या पिढीला सांगावे लागते. गाठी फुटतात त्या ब्लो रूममध्ये. तिथे रुई झोडपून, वाऱ्याने उडवून तिच्यातला कचरा काढतात. मग कार्डिंगमध्ये बारीक तारांच्या दातांतून ती विंचरली जाते. तिथून पुढे पेळू, मग रिंग खाते, म्हणजे सूत कातणे, आणि शेवटी विणाई, साचे. धूळ सगळ्यात जास्त पहिल्या दोन ठिकाणी. कापूस जसजसा सूत होत जातो तसतशी धूळ कमी होते. म्हणजे कोणता माणूस कोणत्या खात्यात आहे, यावर त्याच्या छातीचे भवितव्य ठरते.

आता ही छाती चालते तरी कशी? आपण म्हणतो, फुप्फुसे हवा ओढतात. तसे नाही. फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमटासारखा पडदा आहे, डॉक्टर त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली ओढला जातो, बरगड्या वर-बाहेर होतात, छातीतली पोकळी वाढते आणि हवा आपोआप आत शिरते. लोहाराचा भाता जसा उघडला की भरतो, तसा. स्नायू सैल पडले की फुप्फुसे रबरासारखी आपल्या जागी येतात आणि हवा बाहेर पडते. म्हणजे श्वास घेण्याला कष्ट आहेत, सोडण्याला एरवी नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण गिरणीच्या आजारात नेमके हेच उलटते.

आत गेलेली हवा श्वासनलिकेतून खाली उतरते. नलिकेला दोन फाटे, त्यांना पुन्हा दोन-दोन. असे फाटे सुमारे 23 वेळा फुटतात. झाड उलटे धरावे तसे. शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षांच्या घडासारखे हवेचे फुगे लागलेले असतात, तेच वायुकोश. पूर्वी त्यांची संख्या 30 कोटी मानत. अलीकडच्या मोजणीत ती 48 कोटींच्या आसपास निघाली. हे सगळे फुगे उलगडून पसरले तर बॅडमिंटनचे मैदान झाकले जाईल. त्या फुग्यांची भिंत इतकी पातळ की तिच्यापुढे केस म्हणजे जाडजूड दोरखंड. भिंतीपलीकडून रक्त वाहत असते. ते सेकंदभरही थांबत नाही, आणि तेवढ्यात प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड टाकून पुढे जाते.

रक्त फुप्फुसातून फिरून येते, ही गोष्ट प्रथम लिहून ठेवली ती कैरोचे हकीम इब्न अल-नफीस यांनी, 1242 च्या सुमारास. त्याआधी हजार वर्षे ग्रीक वैद्य गॅलन यांचा शब्द चाले : हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रे आहेत, त्यांतून रक्त पलीकडे झिरपते. इब्न सीनाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना या हकिमांनी स्पष्ट सांगितले, तिथे छिद्रे नाहीत. रक्त फुप्फुसात जाते, हवेशी मिसळते आणि मग डाव्या बाजूला येते. हे भाष्य पुढे विस्मरणात गेले आणि 1924 साली एका इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत ते पुन्हा उजेडात आणले. अरबीत 'नफस' म्हणजे श्वास, 'नफ्स' म्हणजे जीव आणि 'नफीस' म्हणजे मौल्यवान. तिन्ही एकाच धातूतले. आपल्या मराठीने फारसीतून 'दम' घेतला आणि त्याचा संसारच थाटला. आपण दम धरतो, दम खातो, दम देतो, आणि एखाद्या माणसात दम आहे की नाही तेही बघतो. दमा हा त्याच घरातला.

तर विषय धुळीचा. निसर्गाने धुळीची व्यवस्था केलेली आहे आणि ती गिरणीतल्या कोणत्याही यंत्रापेक्षा सरस आहे. मोठे कण नाकातल्या केसांत आणि ओलाव्यात अडकतात. त्यातून सुटलेले श्वासनलिकांच्या भिंतीवर बसतात. तिथे चिकट स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांचे रान. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने, घशाकडे, हलत राहतात. धूळ बसलेला थर हळूहळू वर सरकतो आणि आपण तो नकळत गिळतो किंवा खाकरून टाकतो. याहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे पहारेकरी पेशी त्यांना गिळंकृत करतात. एवढा बंदोबस्त असूनही कापूस माणसाला हरवतो, तो प्रमाणामुळे. स्वस्थ बसलेला माणूस दिवसभरात सुमारे दहा-अकरा हजार लिटर हवा घेतो. अंगमेहनत करणारा जवळपास तेवढीच एका पाळीत, आठ तासांत घेतो. त्यातच ती हवा ब्लो रूमची असली तर?

पुष्कळांना वाटते की कापसाचे तंतू छातीत जाऊन गोळा होतात. आमच्याकडेही हाच समज होता. पण तंतू लांब असतो, तो बहुधा वरच अडकतो. खरा अपराधी आहे तो कापसाबरोबर आलेला पाचोळा. बोंडाखालची वाळलेली पाने, पऱ्हाटीच्या काड्या, माती, आणि त्यावर वाढलेले जीवाणू. या जीवाणूंच्या कवचातले एक विष त्या बारीक धुळीतून नळ्यांत उतरते. नळ्या सुजतात, त्यांच्या भोवतीच्या स्नायूंची कडी आवळतात. श्वास आत जातो, कारण तेव्हा छाती फुगून नळ्या ताणल्या जातात. बाहेर येताना मात्र अडतो. एरवी बिनकष्टाचे असलेले श्वास सोडणे हेच काम होऊन बसते.

आणि या आजाराची खूण अशी की तो वार पाळतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामावर गेल्यावर काही तासांनी, छाती आवळल्यासारखी होते. मंगळवारी कमी, बुधवारी माणूस ठीक. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. वर्षे जातात तसा मंगळवारही धरतो, मग बुधवार, आणि शेवटी रविवारदेखील सुटत नाही. तोवर नळ्यांची हानी कायमची झालेली असते. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत तपासणी करून डॉ. शिलिंग यांनी 1950 च्या दशकात या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या या सोमवारच्या हिशेबानेच.

आमच्या घरी हा हिशेब शिलिंगसाहेबांना न विचारता चालू होता. सोमवारी संध्याकाळी अब्बा घरी आले की ओट्यावर बसायचे. बोलायचे नाहीत. त्यांच्याच खात्यात इंदोऱ्याचे एक काका होते, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला दीक्षाभूमीवर हजर असलेले. तेही बरेचदा सायकल टेकवून बाजूला बसत. दोन मोठी माणसे हात गुडघ्यांवर टेकून, खांदे उचलून, शेजारी शेजारी नुसती बसलेली. आम्हा पोरांना वाटे, भांडण झाले असेल. अम्मी आम्हाला दटावायची, "आज सोमवार हाय, त्याहिले बोलावू नका." बाजारहाट, कुणाच्या लग्नाची बोलणी, घरमालकाशी वाद, काहीही असो, ती सोमवारी ठेवायची नाही. गुरुवारी मात्र अब्बा रंगात येत आणि काकांशी राजकारणावर तासभर हुज्जत घालत. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण तिने जे टिपले होते, ते कोणत्याही केसपेपरवर नव्हते.

अब्बांना एका दवाखान्यात क्षयाची औषधे दिली गेली, दुसरीकडे दम्याची. छातीचा फोटो काढला तो जवळजवळ साफ आला. या आजारात तो बहुधा साफच येतो. खाणीतल्या दगडी धुळीसारखे डाग इथे दिसत नाहीत. त्यामुळे फोटो बघून कळत नाही, विचारून कळते. काम काय करता? कोणत्या वारी त्रास होतो? हे दोन प्रश्न अब्बांना कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. त्यात अंबाडी आणि जवसाचा धागा विंचरणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन आहे. त्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवले होते की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : तुझा धंदा कोणता?

गिरण्यांत कामगारांना गूळ देत, ही गोष्ट अनेकांच्या स्मरणात असेल. गुळाने छातीतला कापूस निघतो म्हणे. गूळ जातो अन्ननलिकेतून आणि धूळ जाते श्वासनलिकेतून. दोघांची गाठ पडायची कुठे? पण गूळ स्वस्त होता, आणि धूळ ओढून घेणारे पंखे महाग.

इथे जमशेटजींना न्याय दिला पाहिजे. त्या काळच्या मालकांत ते वेगळे होते. एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी हवेत ओलावा सोडणारी आणि आग विझवणारी पाण्याची यंत्रणा बसवली, ती आपल्या देशातली पहिली मानतात. 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, 1895 पासून अपघाताची भरपाई देऊ लागले; तसा कायदा देशात आला तो 1923 साली. सांगतात की दलदलीची जागा भरताना एक सावकार हसला होता, हा माणूस सोने मातीत घालतो म्हणून; आणि पुढे त्यानेच कबूल केले की या माणसाने माती घालून सोने काढले. हे सगळे खरे. पण नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या हवेने सूत तुटते, म्हणून ओलावा ही आधी सुताची गरज होती. तुटलेला धागा लगेच दिसतो. तुटलेला श्वास सोमवारी दिसतो आणि बुधवारी झाकला जातो. हात तुटला तर तो अपघात. छाती वीस वर्षांत गेली तर त्याला तारीख नाही, साक्षीदार नाही, म्हणून भरपाईही नाही. पुढे आपल्याकडे फॅक्टरी कायद्याच्या आणि भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टांत बिसिनोसिसचे नाव आले. पण परिशिष्ट ज्याच्यासाठी आहे, त्याला ते वाचून दाखवणार कोण?

श्वासाची मोजदाद होत नव्हती असे मात्र नाही. आपल्या समाजाने एका श्वासावर फार बारीक नजर ठेवली होती. जुन्या साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. मुंबईच्या गिरण्यांत या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात शिरू देत नसत, कारण त्यांच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. विणाईत पगार जास्त होता. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. म्हणजे या माणसांच्या श्वासाचा धाग्याला होणारा स्पर्श लोकांना खुपत होता. त्यांना ठेवले होते ते कताईच्या बाजूला, जिथे धागा त्यांच्या श्वासात उतरत होता, आणि त्याचा विटाळ कुणालाच झाला नाही. आमच्या ओट्यावर बसणाऱ्या काकांनी एकदा अब्बांना हसत हसत म्हटले होते, "मियाँ, आपल्या दोघांची छाती एकाच कापसाची." मला ते वाक्य तेव्हा विनोदी वाटले होते.

मोजायचेच होते तर यंत्रही तयार होते. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी 1846 साली श्वासमापक यंत्र प्रसिद्ध केले. पाण्यावर तरंगणारे उलटे भांडे, त्याला नळी. छाती भरून हवा घ्यायची आणि नळीत फुंकायची. भांडे जितके वर उचलले जाईल तितकी तुमच्या छातीची धारणा. हचिन्सनने दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावले. त्यात खलाशी होते, पोलीस होते, कुस्तीगीरही होते. त्याच्या डोक्यात विमा कंपन्यांचा उपयोग होता, की कुणाचा विमा उतरवावा आणि कुणाचा नाही. शंभर वर्षांनी, 1947 साली, फ्रान्सच्या तिफ्नो यांनी दाखवले की एकूण हवेपेक्षा पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते महत्त्वाचे. नळ्या आवळलेल्या असतील तर तीच कमी होते. कापसाच्या आजाराला याहून सोपी कसोटी नाही. सोमवारी कामावर जाण्यापूर्वी एकदा फुंका, पाळी सुटल्यावर एकदा फुंका, आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा.

अमेरिकेत 1978 साली कापसाच्या धुळीवर सरकारी मर्यादा आली. सूत कातणाऱ्या खात्यांत एक घनमीटर हवेत 200 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, 1981 साली हरले, नवी यंत्रे बसवली आणि आजार झपाट्याने ओसरला. आपल्याकडे केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या श्वासाचा अभ्यास केला. 1995 साली डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी सहकाऱ्यासह मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर लेख प्रसिद्ध केला. पण तोवर गिरण्याच धापा टाकू लागल्या होत्या. एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे, आणि त्याच्या दारातून थंडगार, गाळलेली हवा बाहेर येते. अब्बा आणि काका, दोघेही गिरण्यांच्या आधीच गेले.

गिरण्या गेल्या म्हणून कापूस गेला नाही. हिंगणघाट, यवतमाळ, अमरावती, कुठेही जा, दिवाळीच्या सुमारास जिनिंगचा हंगाम सुरू होतो. मागच्या हिवाळ्यात एका जिनिंगमध्ये गेलो होतो. रुईच्या ढिगावर दहा-बारा बाया काम करत होत्या, पदराने नाक-तोंड बांधून, पापण्या पांढऱ्या. जेवणाच्या सुट्टीत मी एकीला विचारले, "बाई, छातीत भरून येते का? सोमवारी जास्त येते का?" ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "भाऊ, आमाले सुट्टीच नसते त सोमवार कसा समजन? काम बंद पडून दोन दिवस घरी राह्यलो ना, का मंग तिसऱ्या दिवशी लय भरते."

बाजूच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. शिलिंगसाहेबांचा सोमवार तिने एका वाक्यात सांगितला होता. श्वासमापक यंत्र आता शाळेच्या दप्तरात मावेल एवढे लहान आले आहे, आणि एका माणसाला फुंकायला पाच-सात मिनिटे पुरतात. मी गेलो त्या जिनिंगच्या फाटकावर एक काटा मात्र होता, कापसाच्या गाड्या तोलायचा. तो चोख चालत होता.